सोमवारची बाटली

"काजल, झाकण फिरवू नको वं. आहे तशीच उभी राह्य."

चंपतरावांचा आवाज म्हणजे सगळ्या कॉलेजला ऐकू जाणारा. आज तो इतका हळू आला की काजल जागीच थांबली. तीन महिन्यांपूर्वी परिचर म्हणून शाल-नारळ घेऊन निवृत्त झालेले चंपतराव प्रयोगशाळेच्या दारात घामाघूम उभे होते. त्यांच्या जागी आलेल्या काजलच्या हातात एक जुनी काचेची बाटली होती, तळाशी पिवळी भुकटी.

"काय झालं जी काका? उद्या तपासणीले कमिटी येऊन राहिली ना, म्हणून धुवाले काढली."

"धुवाची नाही ते. बॉम्ब आहे."

"मजाक नका करू, काका."

"माह्या तोंडाकडे पाह्य. मजाक वाटते का तुले?"

सव्वीस वर्षांपूर्वी तेव्हाचे विभागप्रमुख अनंत सरांनी चंपतरावांना ही बाटली दाखवली होती. पिक्रिक ॲसिड. ओलं असेल तोवर गरीब गाय. वाळलं आणि झाकणाच्या आट्यांत घासलं गेलं, की संपलं सगळं. "दर सोमवारी पाणी घाल. आणि कोणाला सांगू नको, पोरं मुद्दाम हात लावतील." सर गेले, तीन विभागप्रमुख बदलले, पण चंपतरावांचा एक सोमवार चुकला नाही. बाटलीची विल्हेवाट लावायचं कोणाला सुचलं नाही. सुचणार कसं, कोणाला ठाऊक असेल तर ना!

निरोपाच्या दिवशी सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण हार, भाषणं, फोटो... आणि राहूनच गेलं, मेलं! आज सकाळी पारशिवनीच्या घरी झाडांना पाणी घालताना एकदम आठवलं आणि हातातली झारीच सुटली. विभागातला फोन कोणी उचलेना, तेव्हा मिळेल त्या गाडीनं ते जरीपटक्याला, कॉलेजात पोचले होते.

ते काजलजवळ गेले. सकाळी लेकीच्या दोन वेण्या घालून आलेले तिचे हात आता बाटलीभोवती आवळले होते. चंपतरावांनी आपले तळवे त्या हातांखाली धरले.

"माह्यासंगं खाली ने. हळूहळू. पोरगी कितवीत आहे तुही?"

"दुसरीत."

"नाव काय?"

"मयुरा."

बाटली टेबलावर टेकली. काजलनं एकेक बोट सोडवलं.

पुढचं सगळं आताच्या विभागप्रमुख अदिती मॅडमनी केलं. इमारत रिकामी झाली, बॉम्बशोधक पथक आलं. दुपारी पथकानं मागच्या मोकळ्या मैदानात बाटली उडवली, धडाका झाला आणि कॉलेजच्या खिडक्या हादरल्या. एवढ्याशा भुकटीत एवढी ताकद होती!

काजल कडुनिंबाखाली बसून आपल्या हातांकडे बघत होती. चंपतराव शेजारी येऊन बसले.

"माह्याच चुकीनं झालं वं. सर्वांत आधी तुले सांगाले पाह्यजे होतं. माफ कर मले."

"तुमी आले ना पण, काका."

कँटीनच्या शोभाताईंनी दोघांना चहा आणून दिला. बाटलीखाली दगडासारखे स्थिर राहिलेले चंपतरावांचे हात आता मात्र ऐकेनात. कप बशीवर खडखडू लागला, चहा धोतरावर सांडला. ते ओशाळून हसले.

काजलनं आपला कप बाजूला ठेवला. त्यांचा कप दोन्ही हातांनी धरून त्यांच्या ओठांशी नेला.

"हळूहळू प्या जी," ती म्हणाली.