घरघरणारा डबा आणि लाल चिंधी

आमच्या गादी कारखान्यात त्या सकाळी माणसं कापसाच्या गठ्ठ्यांवर चढून उभी होती. एरवी त्या गठ्ठ्यांना कोणी बोट लावलं तर मी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करते. पण त्या दिवशी माझं ऐकतो कोण! सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या कंप्युटरला चिकटलेले. सूनबाईने त्यावर खोलीचं चित्र उघडलं आणि टेबलाखालचा डबा बोलायला लागला. आधी घूंऽऽ, मग घर्रर्र, मग दाताखाली खडा यावा तसं कर्रर्र.

"ऐकलंत?" माझे धाकटे दीर छाती धरून म्हणाले, "हा दादाच!"

दादा म्हणजे माझा नवरा. वारून दोन वर्षं झाली. हा कंप्युटर त्यांनीच कोणाचा तरी वापरलेला आणला होता. आता त्यांच्या खुर्चीत सूनबाई बसते. गिऱ्हाइकाची खोली कंप्युटरवर उभी करते, त्यात आमच्या गाद्या, उशा, पडदे मांडून दाखवते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका नव्या हॉटेलचे लोक चित्र बघायला येणार होते. पसंत पडलं तर सगळ्या खोल्यांचं काम आमचं. नाहीतर सूनबाईने ती खुर्ची सोडून पुन्हा उशांची तोंडं शिवावीत, असा फतवा दीरांनी काढलाच होता.

"आई, आत काहीतरी तापतंय," ती बिचारी पहिल्या दिवसापासून सांगत होती. "डबा उघडून बघू या."

"उघडशील तर खबरदार!" दीर ओरडले. "दादाला तू त्या खुर्चीत बसलेली खपत नाही. चित्र उघडलं की तो चिडतो."

मी म्हटलं, "भावजी, तुमचा दादा जिवंतपणी कधी आवाज चढवून बोलला नाही. या घरात ओरडायचं खातं माझ्याकडे आहे. मेल्यावर त्याने ते काढून घेतलं म्हणता?"

लोक हसले, पण हलले नाहीत. कारण दीरांनी यंत्रांतली भुतं काढणाऱ्या कवचबुवांना बोलावलं होतं.

बुवा आले. अंगात पांढरा झब्बा, गळ्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं, खांद्याला लठ्ठ पिशवी. जुन्या काळचे बुवा धूर करायचे, हे नुसते शब्दांचाच धूर करत होते.

"माई, आत्मा हासुद्धा एक डेटाच असतो," बुवा डोळे मिटून म्हणाले. "देह गेला तरी लहरी उरतात. त्या वायफायमधून उतरतात आणि जुन्या यंत्रात घर करतात. मी एक पैसाही घेणार नाही. मला फक्त मुक्ती द्यायची आहे."

पैसा घेत नाही म्हटल्यावर गर्दीने हात जोडले. फुकटच्या वस्तूला खोट कोण काढतो?

बुवांनी डब्यावर आणि स्वतःवर एक काळं कापड ओढलं. आतून कसलंसं पुटपुटणं ऐकू आलं. थोड्या वेळाने कापड दूर झालं, घामाघूम बुवा बाहेर आले. "आता चित्र उघड, मुली."

सूनबाईने उघडलं. डबा गप्प. मेल्यासारखा गप्प! गठ्ठ्यांवरून असा काही उसासा निघाला की कापूस उडाला.

"आत्मा एका भागात कोंडलाय," बुवा म्हणाले. "आत्ता तो तप्त आहे, हात लावता येणार नाही. उद्या सकाळी येऊन मी तो भाग काढून नेईन आणि वाहत्या पाण्यात सोडीन."

"माझ्याकडचंही भूत यांनीच नेलं," शेजारचा फोटो स्टुडिओवाला अभिमानाने सांगत होता. "तेव्हापासून यंत्र कसं शांत!"

"आणि काम?" मी विचारलं.

"काम... म्हणजे काकू, फोटो उघडायला जरा वेळ लागतो. चहा पिऊन होतो तेवढ्यात."

गर्दी पांगली. मी गठ्ठे झटकत होते, तेवढ्यात सूनबाईचा आवाज आला, "आई, हे बघा हो!" पडद्यावर हॉटेलची खोली गोगलगाईच्या पावलाने येत होती. आधी पलंगाचा एक पाय, मग अर्धी उशी, मग सगळंच गोठलं आणि चित्र बंद पडलं. दोनदा, तीनदा तेच. तिचे डोळे भरून आले. "उद्या मी त्यांना काय दाखवू?"

मी शिकलेली नाही; माझी शाळा तिसरीतच सुटली. पण माणसं राबवून म्हातारी झाले आहे. कामाला जुंपलेला माणूस कुरकुरतो. जो एकाएकी गप्प होतो, त्याने काम सोडलेलं असतं. डब्याचंही तसंच असणार, असं माझ्या मनाने घेतलं. मी गुडघे धरत धरत टेबलामागे वाकले.

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगते. वायरींवरची बारीक अक्षरं मला लागत नाहीत. म्हणून प्रत्येक वायरीला मी चिंधी बांधते आणि ती जिथे बसते, त्या भोकाशेजारी त्याच रंगाचा तुकडा डिंकाने चिकटवते. पिवळ्यात पिवळी, निळ्यात निळी. सूनबाई त्याला हसते, हसू दे. पडद्याची वायर लाल. आणि त्या दिवशी लाल चिंधीची वायर वरच्याच एका बोडक्या भोकात जाऊन बसली होती. लाल तुकड्याचं भोक रिकामं!

"अगं," मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्याचा आत्मा वायरी बदलतो का?"

ती वाकली, बघतच राहिली आणि कपाळावर हात मारून हसायला लागली. "आई, लाल तुकडा आहे ना, ते ग्राफिक्स कार्ड. चित्रं काढायला आत एक वेगळी पाटी असते, तिला स्वतःचा पंखा असतो. वरचं भोक डब्याचं साधं. वायर तिकडे लावली की चित्राचं सगळं ओझं डब्यावर पडतं आणि कार्ड आराम करतं. मग पंखा कशाला ओरडेल?"

आम्ही वायर लालमध्ये लावली, चित्र उघडलं: घर्रर्र. वर लावली, पुन्हा उघडलं: चिडीचूप. मुक्ती देणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी वायर वरच ठेवली आणि सूनबाईला म्हटलं, "उद्यापर्यंत तोंड शिवून बस."

सकाळी पुन्हा गठ्ठ्यांवर गर्दी. बुवा पिशवी सावरत आले.

"थांबा बुवा," मी म्हटलं. "काल रात्री हे माझ्या स्वप्नात आले. म्हणाले, बायको असताना परक्याच्या हातून मुक्ती नको." आणि मी आमची दुलई घेतली, डब्यासकट स्वतःवर ओढली. आत मंत्र काय म्हणू? मी घाऊक गिऱ्हाइकांना देते त्या शिव्या पुटपुटले. बाहेर आले. सूनबाईने चित्र उघडलं. घर्रर्र!

"दादा!" दीर किंचाळले.

मी पुन्हा आत, पुन्हा बाहेर. शांत. पुन्हा आत. घर्रर्र. लोक वेडे व्हायचेच काय ते बाकी राहिले. एक बाई तर माझ्या पायाशी वाकली. तिला उठवून मी दुलई भिरकावली आणि लाल वायर हातात धरून उभी राहिले.

"हा बघा आत्मा! या भोकात घातला की ओरडतो, त्या भोकात घातला की झोपतो. भावजी, या, तुम्हीही थोडी मुक्ती द्या."

दीरांनी वायर वरच्या भोकात घातली. शांत. लाल भोकात घातली. घर्रर्र. त्यांचा चेहरा फुटलेल्या उशीसारखा झाला.

"माई, हे सूक्ष्म शास्त्र आहे," बुवा मागे सरकत म्हणाले. "दोन्ही द्वारांतून लहरी..."

"त्या राहू द्या. या पिशवीत काय आहे?" मी पिशवी ओढली. आतून निघालं फुगेवालं प्लॅस्टिक, नाजूक काचसामान बांधतात ते, आणि चिकटपट्टी. "अहो बुवा, पाण्यात बुडवायच्या वस्तूला खरचटेल म्हणून इतकी काळजी?"

तळाशी आणखी एक वस्तू तशीच गुंडाळलेली होती. स्टुडिओवाल्याने प्लॅस्टिक सोडलं आणि तो लालबुंद झाला. "हे माझं कार्ड! माझ्या पोरीने चिकटवलेलं मांजर आहे यावर! ते वाहत्या पाण्यात गेलं होतं ना?"

"पोहून परत आलं असेल," मी म्हटलं.

बुवांना दार शोधायला वेळ लागला नाही. काळं कापड मात्र विसरले.

मग सूनबाईने बटण बंद केलं, प्लग काढला आणि डब्याचं झाकण उघडलं. कार्ड बाहेर आलं तेव्हा सगळ्यांनी माना पुढे केल्या. आत्मा बघायचा होता ना! तर पंख्याच्या मागे, धातूच्या पात्यांच्या फटींत, आमचाच कापूस. दाबून बसलेला, एका बाहुलीची गादी होईल एवढा. गादी कारखान्यात डबा जमिनीवर ठेवला की दुसरं काय होणार? शिलाई मशीनमधला कापूस मी रोज काढते. या डब्यालाही नाक आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वारा कोंडला, कार्ड तापलं, ते निववायला पंखा जिवाच्या आकांताने पळत राहिला आणि पळून पळून त्याचा कणा झिजला. तो कर्रर्र आवाज त्याचा.

तिने ब्रशने कापूस काढला. मधल्या चिपची उष्णता बाहेर नेणारा मलम वाळून खपली झाला होता. तो पुसून नवा लावला. तसाच नवा पंखा दुकानातून आणून बसवला, आणायला दीर स्वतः धावले. तापमान आधी नव्वदीच्या वर होतं, ते सत्तरीच्या खाली उतरलं. "कार्ड म्हातारं झालंय," ती म्हणाली, "कधीतरी बदलावं लागेल. पण आज धावेल."

धावलं. संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी पडद्यावरच्या खोलीत चौफेर फिरून पाहिलं, पलंगाखालीसुद्धा डोकावून बघितलं. काम आम्हाला मिळालं. डबा आता टेबलावर असतो, आणि त्या खुर्चीत कोणी बसावं हा प्रश्न पुन्हा निघालेला नाही.

बुवांच्या काळ्या कापडाने सूनबाई दर रविवारी त्या डब्यावरचा कापूस पुसते. त्याची एक पट्टी फाडून मी त्या बोडक्या भोकाशेजारी चिकटवली आहे; काळी चिंधी कुठल्याच वायरीला नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. घरात काही घरघरलं, तर मेलेल्या माणसाची बदनामी करू नका. त्याला आता उलट उत्तर देता येत नाही. बटण बंद करा, झाकण उघडा, बघा. आणि कोणी कापडाखाली शिरून तुमचं भलं करायला निघाला, तर हात जोडण्याआधी त्याच हातांनी ते कापड उचला.