भिंतीवरचं तळं

मी व्हिडिओ गेमचं एक जुनं मशीन बोलतोय. माझा आवाज तुमच्या ओळखीचा नसेल, कारण स्वतःहून बोलायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर माझ्यातून गाणी वाजली, मैदानं ओरडली, लाटा आपटल्या. पण ते सगळं दुसऱ्यांचं होतं. माझं म्हणावं असं हे एवढंच.

मला शुद्ध आली ती समुद्रकाठच्या मोंबासा शहरातल्या एका पत्र्याच्या टपरीत. तिथे पोरं पैसे भरून फुटबॉल खेळत. हरणारा मला चापट मारी, जिंकणारा शेजारच्याला. पुढे रस्ता रुंद करायला टपरी हलवली, मालकाने मला विकायला काढलं आणि अकोथने मला उचललं. ती एका मोठ्या हॉटेलात चादरी धुण्याच्या खात्यात कामाला होती. मालकाने विचारलं, लहान भावासाठी का? ती म्हणाली, बाबांसाठी. तो हसला. ती हसली नाही.

तिचे बाबा, ओलुओच, देशाच्या पार पलीकडच्या टोकाला किसुमूजवळ डुंगाला राहत, सरोवराच्या काठी. जन्मभर त्यांनी फेरीबोटीचं सुकाणू धरलं. कप्तान वेगळाच असे, पण गाव यांनाच कॅप्टन म्हणे आणि त्यांनीही नंतर नंतर ते दुरुस्त करणं सोडून दिलं. मग सरोवरात जलपर्णी माजली, फेऱ्या बंद पडल्या. आणि त्याच वर्षी ऑगस्टात अकोथची आई गेली. तेव्हापासून म्हाताऱ्याचं बोलणं आटलं. लेकीने फोन केला की तीनच वाक्यं यायची: जेवलो. बरा आहे. ठेवतो.

नाताळच्या सुट्टीत अकोथने मला मांडीवर घेऊन रात्रभराचा बसप्रवास केला. घरी आल्यावर मला टीव्हीला जोडलं आणि घरी ठेवायला आणलेल्या एका जुन्या फोनच्या इंटरनेटवर गेमचं एक दुकान उघडलं. दुकान म्हणजे नुसता पडदा. तिथे ना गल्ला, ना मालक. पैसे भरले की गेम आपोआप माझ्या पोटात उतरतो. तिने शिडाच्या होडीचा एक गेम शोधून ठेवला होता. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शीड सांभाळायचं. दोघं दोन गावांत असली तरी चालतं.

किंमत मोठ्या अक्षरांत होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: पहिला महिना सभासदत्व फुकट, पुढे दरमहा पैसे. त्या ओळीआधीच्या चौकटीत बरोबरची खूण होती, कुणी न करताच केलेली. मी ती ओळ पाहिली. अकोथने पाहिली नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. कित्येक महिन्यांत ते कशासाठी पुढे सरकले नव्हते.

"उघडलं का गं?" त्यांनी विचारलं.

तिने घाईघाईने आपल्या कार्डाचा नंबर घातला आणि बटण दाबलं.

मग जे दिवस आले, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. अकोथ मोंबासाला परतली आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून खेळू लागली. रविवारी चर्चहून आले की बाबा चहा बाजूला ठेवत, कानाला हेडफोन लावत आणि होडी धक्क्यावरून सोडत. पहिले काही रविवार ते नुसते चुका काढत होते. लाटा अशा नसतात म्हणे, आणि वाऱ्याला काही वळणच नाही. हळूहळू हुकूम देऊ लागले. "पोरी, शीड सैल सोड. वारा फिरतोय, दिसत नाही का तुला?"

शेजारची आपोंदीची आई वाळवलेली ओमेना मासळी घेऊन यायची आणि दारातच उभी राहून बघायची. "कॅप्टन, दारात एवढं सरोवर पसरलंय आणि तुम्ही भिंतीवरच्या तळ्यात होडी हाकता?"

"या तळ्यात जलपर्णी नाही, बाई," ते मान न वळवता म्हणायचे.

एका रविवारी होडी मध्यावर असताना वारा पडला. गेममध्ये तसंही होतं. नुसतं थांबून राहावं लागतं. त्या थांबण्यात बाबा एकदम अकोथच्या आईबद्दल बोलू लागले. लग्नाआधी ती त्यांच्याच फेरीने बाजाराला जायची, आणि आपण धक्का जवळ आला तरी बोट उगाच हळू घ्यायचो, हे त्यांनी लेकीला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. वारा परत आला तरी दोघांनी होडी हलवली नाही.

फुकटचा महिना संपला होता. अकोथच्या खात्यातून पैसे जाऊ लागले. आधी सवलतीचे, थोडेथोडे. फोनवर संदेश यायचा, त्यात फक्त दुकानाचं नाव असायचं. कशाचे पैसे, ते नसायचं. गेममध्ये एक बाजार होता. तिथे खरे पैसे टाकून रंगीत शिडं, होडीवरचे दिवे, झेंडे घेता येत. अकोथला वाटलं, बाबांनी त्यातलं काही घेतलं असणार. तिने एकदा सहज विचारलं. ते म्हणाले, नाही. तिने विषय सोडला, पण ते 'नाही' तिच्या मनात नीट बसलं नसावं, कारण त्यानंतर ती खेळताना होडीवर काही नवं दिसतंय का, हे निरखून पाहू लागली.

ऑगस्ट आला. आईचं वर्ष. घराच्या आवारात कबरीपाशी प्रार्थना ठरली होती, पाहुणे येणार होते, आणि थोरली म्हणून अकोथने दोन शब्द बोलायचे होते. पगार व्हायला अवकाश होता. खात्यात बसच्या भाड्यापुरतेच पैसे तिने राखून ठेवले होते. नेमकी निघायच्या दिवशीच सवलत संपली आणि दुकानाने पूर्ण रक्कम कापून घेतली. मैत्रिणींकडून जमवाजमव करेपर्यंत शेवटची बस निघून गेली होती.

प्रार्थना तिच्याविना झाली. पाहुणे पांगले, खुर्च्या परत गेल्या. संध्याकाळी तिचा फोन आला. इंजिनाच्या आवाजाने बाबांचे कान अधू झालेले, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही त्या बाजारातून काही घेता का? मी रागावणार नाही."

ती रडून मग सावकाश बोलत होती. लहान मुलाशी बोलावं, तसं.

बाबा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. त्या हाताने धुक्यातही बोट खडकावर घातली नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ती खूण आधीच केलेली होती, यांनी काही घेतलेलं नाही. पण मशीन तेवढंच बोलतं, जेवढं त्याच्यात कुणी भरलेलं असतं.

"घेतलं असेल," ते म्हणाले. "दाबलं असेल मी काहीतरी."

अकोथने लगेच दुरून मला एक गुप्त आकडा लावून टाकला, म्हणजे त्यांना काही विकत घेता येऊ नये. बाबांनी तो विचारलाही नाही. त्यांनी माझी वायर काढली, नीट गुंडाळली आणि बायकोने विणलेला पांढरा रुमाल माझ्यावर घातला. त्यानंतर ते टीव्हीचं बटणसुद्धा दबकत दाबायचे. फोनवर पुन्हा तीच तीन वाक्यं आली.

आणि पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा गेले.

मी बंद होतो. वायर काढलेली होती. आपोंदीच्या आईकडून फोनवर ते कळल्यावर अकोथ समजली, की पैसे बाबांमुळे जात नव्हते. तिने दुकानाला लिहिलं. उत्तर आलं की अटी तुम्हीच मान्य केल्या होत्या. तिने पुन्हा लिहिलं, मग बँकेत जाऊन बसली. शेवटी सभासदत्व बंद झालं, विकत घेतलेला गेम तेवढा राहिला, एका महिन्याचे पैसे परत मिळाले, बाकीचे बुडाले. तेवढ्यावर न थांबता ती रजा काढून डुंगाला आली.

आल्या आल्या तिने पिशवीही खाली ठेवली नाही. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच घेतलं नव्हतं. मग हो का म्हणालात?"

बाबा मक्याच्या पिठाच्या उगालीसाठी पाणी चुलीवर ठेवत होते. त्यांनी ते ठेवलं, झाकण घातलं.

"पहिल्यांदा विचारलंस तेव्हा नाहीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते तुला पुरलं नाही. मग माझ्याजवळ दुसरं काय होतं द्यायला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अकोथ तिथेच जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्याला कपाळ टेकवून राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाणी उकळलं तेव्हा उठून पीठ घातलं. दोघांनी एकाच ताटात उगाली आणि मासळी खाल्ली, आणि रात्री तिने आईच्या कबरीपाशी ते राहून गेलेले दोन शब्द म्हटले. खिडकी उघडी होती, म्हणून मला कळलं.

निघायच्या दिवशी तिने माझी वायर परत जोडली, गुप्त आकडा काढून टाकला आणि विचारलं, रविवारी खेळायचं का? बाबा म्हणाले, "नको गं. आता बटणापाशी हात थांबतो."

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आता ती सणावाराला येते. फोनवर दोघं बोलतात, पूर्वीपेक्षा जास्तच. पाऊस, मासळीचा भाव, आपोंदीच्या आईचे गुडघे. माझा विषय मात्र दोघंही टाळतात. पैशाचं नुकसान पगारातून हळूहळू भरून निघालं म्हणे. ज्यांनी ती खूण आधीच करून ठेवली, त्यांना ओलुओच नावाचा कुणी माणूस होता, हेही ठाऊक नसेल.

पण एक गोष्ट मला ठाऊक आहे आणि म्हणूनच मी बोलायला बसलो. आमच्याकडे वीज जाते. परत आली की कधी कधी मी आपोआप सुरू होतो. टीव्ही बंद असतो, बाबा बाहेर काठावर मच्छीमारांत बसलेले असतात. त्या थोड्या वेळात मी भिंतीवरच्या त्या तळ्यात डोकावतो. रविवार असेल, चर्च सुटलेलं असेल, तर अकोथ तिथे असतेच. शीड उतरवलेलं, सुकाणू रिकामं सोडलेलं, होडी धक्क्याला लावून ती थांबलेली असते. बाजाराकडे फिरकत नाही. एकटी कुठे जात नाही.

ती त्यांना सांगणार नाही. तिला वाटतं, पुन्हा विचारल्यासारखं होईल. ते बघणार नाहीत. आणि मला तोंड नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी कधी डुंगाला गेलं, तर काठावर कॅप्टन म्हणून चौकशी करा, कुणीही घर दाखवेल. बाकी काही समजावत बसू नका. एवढंच सांगा, की वारा बरा आहे आणि शिडावरचं माणूस खोळंबलंय.