चव घेणारी

लिंबाची अर्धी फोड तिने दातांखाली धरली आणि वाट पाहिली. दात शिवशिवले, रस हनुवटीपर्यंत ओघळला – गार, पातळ – आणि बस्स. आंबट असं काही आलंच नाही. मास्तर सकाळी पाणी आणायला गेले की ती रोज ही परीक्षा घेई. एक दिवस लिंबू, एक दिवस कॉफीची पूड, एकदा तर चक्क साबणाचा तुकडा. आणि रोज नापास होई. तापातून उठल्याला आज एकेचाळीस दिवस झाले होते.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळा सोडून सहा वर्षं झाली तरी सगळ्यांची हाक तीच राहिली, तिचीसुद्धा. घरावर तुळशीपत्र ठेवून दोघांनी ही गाडी घेतली – मागे दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग, एक शेगडी, पाण्याची छोटी टाकी. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तेही या वयात," नणंद म्हणाली होती. म्हणेना का. देशोदेशी जायचं, लोकांच्या स्वयंपाकघरात बसून शिकायचं, तेच गाडीत रांधायचं आणि लिहून ठेवायचं; एक दिवस त्याचं पुस्तक करायचं. वाळवंटाच्या कडेची मसूर, बंदरावरचं मासळीचं कालवण, डोंगरातल्या त्या म्हातारीची बटाट्याची भाकरी, जिचे बटाटे उंचावर अर्धा दिवस शिजलेच नव्हते आणि दोघं हसून हसून… गाडी चालवणं आणि लिहिणं मास्तरांकडे, रांधणं आणि चव घेणं तिच्याकडे. तिने 'झालं' म्हटल्याशिवाय कृती पक्क्या वहीत चढायची नाही, असा नियम होता. आणि गेले एकेचाळीस दिवस ती 'झालं' म्हणत होती, धडधडीत खोटं.

हिच्या जिभेत तराजू आहे, असं आई म्हणायची. आई एका कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करी. शाळा सुटली की ही तिथेच, पोत्यांवर बसून अभ्यास, आणि आई भल्या मोठ्या पातेल्यातून पळी काढून, तिच्यावर फुंकर घालून पुढे धरी – "सांग गं, काय कमी आहे?" ती सांगायची. सात वर्षांच्या पोरीने सांगितलं तेवढंच आई घालायची, आणि शंभर माणसं जेवायची. पुढे आई गेली, पण तिच्या डाळीची चव राहिली. परक्या मुलखात जीव कासावीस झाला की ही ती डाळ करी आणि पहिल्या घासाला आई जवळ येऊन बसे. तापानंतर तिने तीच डाळ केली होती. गरम, मऊ, आणि आत कोणीच नाही. आई गेली तेव्हा मी मोकळेपणी रडले, लोकांनी पाठीवर हात ठेवले. आता दुसऱ्यांदा गेली, तर कोणाला सांगू? दाढेचं निमित्त करून गाठलेल्या डॉक्टरने खांदे उडवले होते – "येईल परत. कधीकधी येतही नाही."

मास्तरांना सांगितलं असतं तर ते लगेच म्हणाले असते, चल, परत फिरू. आणि साठीतल्या त्या माणसाची एकुलती एक हौस तिच्या जिभेपायी अर्ध्यात मोडली असती. म्हणून ती गप्प होती.

दुपारी पाववाली जेवायला आली. कोपऱ्यावरच्या भट्टीतल्या या बाईनेच काल तिच्या घरच्या घेवड्याच्या रश्श्याची कृती सांगितली होती, आणि हिने हौसेने बोलावून ठेवलं होतं – हात दाखवून अवलक्षण! रस्सा रटरटत होता. टोपणाने मोजून मीठ घातलं, रंग पाहिला, दाणा चेपून पाहिला. आता ती डोळ्यांनीच रांधत होती.

"झालं," ती म्हणाली.

गाडीबाहेर घडीच्या खुर्च्यांवर मास्तर आणि पाववाली बसली होती. वाढून ती पाव आणायला आत वळली आणि गाडीच्या बाहेरच्या आरशात तिला दोघं दिसली. पाववालीने पहिला घास घेतला, थांबली, काही बोलायला तोंड उघडलं. आणि मास्तरांनी नुसती मान हलवली, हळूच, नको म्हणून. सरावाची होती ती मान. मग त्यांनी स्वतःचा वाडगा जवळ ओढला आणि खाऊ लागले.

तेवढ्यात तिला आठवलं. घेवडा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायचा आणि 'ते पाणी ओतून द्यायचं बरं का ताई,' असं बाईने दोनदा बजावलं होतं. पण सहा वर्षं टाकीतल्या थेंबाथेंबाला जपलेला हात – त्याने ते पाणी सवयीने रश्श्यातच घातलं होतं. आणि वर पुन्हा मीठ.

"छान झालंय हो ताई," पाव घेताना बाई म्हणाली, तिच्याकडे न बघता. भट्टी पेटायची वेळ झाली म्हणत अर्धा वाडगा ठेवून ती लवकर उठली.

मास्तरांनी वाडगा संपवला. दोन पेले पाणी प्यायले, तिसरा भरला. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. या एकेचाळीस दिवसांत ते किती पाणी प्यायले, तिने कधी पाहिलंच नव्हतं… कधीपासून, मास्तर? पहिल्या दिवसापासून? विचारायला हवं होतं.

"अगं," ते म्हणाले, "इथेच राहू या का काही दिवस? एखादी खोली बघू."

आजवर त्यांनी कधी थांबू या म्हटलं नव्हतं. आवाजात तिची कीव असेल म्हणून ती कान देऊन राहिली. कीव नव्हती. तो दमलेल्या माणसाचा आवाज होता, आणि तो काही आजच दमलेला नव्हता. म्हणजे इतके दिवस ती ज्यांच्यासाठी खोटं बोलत होती, ते तिच्यासाठी गाडी चालवत होते. आणि दोघांपैकी कोणालाच आता कुठे जायचं नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे खोली आली – न हलणारी जमीन, दोन ताटं, समोर बसून जेवणारी दोन माणसं, आणि त्यातल्या एकीला 'काय कमी आहे' असं कोणीच विचारत नाही.

मास्तर उत्तराची वाट पाहत होते. ती वाडगे गोळा करत राहिली.