रविवारची पाई

पहिली पाई जळली, तेव्हा त्याने स्वतःची कशीबशी समजूत घातली. दुसरी बुडाशी कच्ची राहिली, तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. साडेदहा वाजून गेले होते, एक वाजता मुलं येणार होती आणि टोपलीत आता एका पाईपुरतेच बटाटे उरले होते.

हसू येईल अशी गोष्ट म्हणजे हा माणूस आचारी होता. तोही साधासुधा नव्हे, बारा वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून रोज अडीचशे पथ्याची ताटं घड्याळाच्या ठोक्याला वर पाठवणारा. तिथे प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर चढल्याशिवाय पातेल्यात उतरत नसे, म्हणून हाताखालची माणसं त्याला 'ग्रॅमसाहेब' म्हणत. पण घरी या ग्रॅमसाहेबांनी चहासुद्धा कधी केला नव्हता. "आठवडाभर जगाला जेवू घालतो, रविवारी तरी मला बसू दे," असं म्हणून तो पेपर उघडायचा आणि बायको बटाटा-चीजची पाई करायला घ्यायची. तिला जाऊन आता आठ महिने झाले होते.

तेव्हापासून मुलं मावशीकडे होती. मावशी म्हणजे बायकोची थोरली बहीण, सहा तासांच्या अंतरावर राहणारी. "तुम्ही जरा सावरा भाऊजी, तोवर मी बघते पोरांचं," असं म्हणून ती त्यांना घेऊन गेली होती. आता सोमवारी मुलांची नावं तिकडच्या शाळेत कायमची घालायची की इथल्या, हे ठरवायचं होतं. मावशीची अट एकच होती. भावंडांची ताटातूट करायची नाही, राहतील तर दोघं इथे, नाहीतर दोघं तिकडे. आणि निर्णय थोरलीचा, कारण ती बारा वर्षांची होती आणि तिला सगळं कळत होतं. थोरली फोनवर एवढंच म्हणाली होती, "येऊन बघते." बघते! जसं काही घर भाड्याने घ्यायचं होतं. पण तिच्यामागून पाच वर्षांचा धाकटा ओरडला होता, "बाबा, पाई कर! आईची पाई!" बुडत्या माणसाने ओंडक्याला मिठी मारावी तशी त्याने त्या शब्दांना मिठी मारली.

पंचाईत अशी की बायकोने कृती कधी लिहून ठेवली नव्हती. मैदा किती, तर अंदाजे. लोणी किती, तर हाताला कळतं. वजनकाट्याच्या माणसाला असली उत्तरं म्हणजे शिक्षाच. आठवायला बसलं की त्याला आठवत होत्या त्या पेपरातल्या बातम्या. दहा वर्षांचे रविवार ती त्याच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभी राहून पाई करत होती आणि या गाढवाने एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. स्वतःला गाढव म्हणून त्याला जरा बरं वाटलं, पण त्याने कणीक काही मळली जाणार नव्हती.

तिसऱ्यांदा त्याने मैदा चाळला. तीनशे ग्रॅम. त्यात दीडशे ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चुरलं, बर्फाचं पाणी चमच्याचमच्याने घातलं आणि गोळा फ्रिजमध्ये ठेवला. बटाटे उकडून त्यांच्या चकत्या केल्या. कांदा लोण्यावर मंद परतला, चीज किसलं, मिरपूड दळली. पारी लाटून भांड्याला लावली, तिला काट्याने टोचे मारले आणि बूड कच्चं राहू नये म्हणून आधी नुसतीच भाजून घेतली. मग बटाट्याचा थर, कांद्याचा थर, चीजचा थर, असं वरपर्यंत भरत नेलं. अडीचशे ताटं रोज सहज उतरवणारा माणूस चार ताटांसाठी एकेक थर दोनदा दाबून पाहत होता. चाखून मात्र त्याने काहीच पाहिलं नाही. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आचाऱ्याने चाखायचं नाही, चाखायला वेगळा माणूस असतो, आणि बारा वर्षांत हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की चमचा तोंडाकडे जातच नसे.

ओव्हनचं दार नीट लागत नव्हतं. त्याला खुर्ची टेकवून तो स्वतःच खुर्चीवर बसला आणि पाऊण तास जागचा हलला नाही. पाई बाहेर आली तेव्हा वर सोनेरी रंग चढला होता, कडेने चीज बुडबुडत होतं. सुरी खुपसली तर ती बुडापर्यंत सहज गेली. त्याला एकदम रडू कोसळलं. बाईमाणसासारखं म्हणतात तसं नव्हे, लहान मुलासारखं, नाक गळेपर्यंत. तोंड धुऊन तो टॉवेल शोधत होता तेवढ्यात बेल वाजली.

मावशी मुलांना घेऊन आली होती. थोरली उंच झाली होती. तिने आईचे केस घेतले होते आणि नजरही. तिने दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, आपल्या पलंगावर हात फिरवला. चादर नवी होती. "छान आहे," ती म्हणाली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. धाकटा तर टेबलाशी जाऊन बसलासुद्धा.

त्याने वाढलं. धाकट्याने पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे आईच्या ताटातलं आहे!"

"आईच्या हातचं म्हणायचंय तुला," मावशी हसून म्हणाली.

"नाही गं. ताटातलं. हॉस्पिटलमधलं. ती मला द्यायची ना संपवायला!"

मावशीने घास घेतला आणि हळूच विचारलं, "भाऊजी, मीठ राहिलं का?"

तो कचऱ्याच्या डब्याकडे धावला. लोण्याचं वेष्टन बिनमिठाचं, चीजचं वेष्टनही बिनमिठाचं. दुकानात हात आपोआप त्याच फळीवर गेला होता. आणि मीठ वरून घालायचं असतं हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं, कारण तिथल्या पथ्याच्या जेवणात ते कधी घालायचंच नसतं.

"वरून भुरभुरवून घेऊ," तो मीठदाणी घेऊन आला. "एवढंच ना, काही बिघडत नाही."

थोरलीने चमचा खाली ठेवला होता.

"आईने तुझ्याकडे मीठ मागितलं होतं," ती म्हणाली.

त्याला आठवत होतं. शेवटचा आठवडा होता. ती त्याच्याच हॉस्पिटलात होती, तिची मूत्रपिंडं थकली होती, ताट तो स्वतः वर घेऊन गेला होता. एक चिमूट आण ना, ती म्हणाली होती, कुणाला कळणारेय. आणि तो म्हणाला होता, नियम म्हणजे नियम, बरी होऊन घरी चल, मग हवं तेवढं खा. थोरली तेव्हा खिडकीशी गृहपाठ करत बसली होती. तिचं लक्ष नाही असं त्याला वाटलं होतं.

"डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं, बाळा."

"ती बरी होणार नाही, हे तुला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मावशीनेही मान खाली घातली होती, तिने अडवलं नसतं.

"होतं," तो म्हणाला.

"मग द्यायचंस की."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्याने मीठदाणी टेबलावर ठेवली. बाराव्या वर्षी ही मुलगी एवढं घेऊन आठ महिने गप्प राहिली होती आणि तो इकडे चादरी बदलत बसला होता.

"मी मावशीकडेच राहीन," ती उठत म्हणाली. "सॉरी बाबा."

"मला नाही जायचं!" धाकट्याने ताट छातीशी धरलं. "मी बाबाकडे राहणार. मला अजून पाई हवीय."

मावशी त्याच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते. "भाऊजी, याला तरी ठेवा. माझी अट मी मागे घेते."

आठ महिने ज्याच्यासाठी तळमळला ते अर्धं का होईना, समोर आलं होतं. त्याने थोरलीकडे पाहिलं. दारापाशी उभी राहून ती भावाची पिशवी खांद्याला लावत होती. मग तिने ती काढली, खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

"नको, ताई," तो म्हणाला. "हा इथे राहिला तर तिकडे तिच्याजवळ कोण?"

धाकटा रडला, हातपाय आपटले, त्याच्या मानेला गच्च धरून बसला. त्याने ते सगळं होऊ दिलं. मग त्याला खुर्चीवर बसवून तो गुडघ्यांवर खाली बसला आणि इवलेसे बूट एकेक करून त्याच्या पायात घालू लागला.

"डबल गाठ मार," थोरली दारातून म्हणाली. "वाटेत सुटते त्याची."

त्याने डबल गाठ मारली आणि सुटत तर नाही ना, हे दोनदा ओढून पाहिलं.