दोन तासांत दोन बाह्या

माझा मेहुणा शिंपी आहे. हात असा, की कुबड निघालेल्यालाही कोट चढवून ताठ उभा करील. पण कबूल केलेल्या दिवशी कपडा दिला असेल तर शपथ! पोटच्या पोरीचा शाळेतल्या नाचाचा झगा यानं नाच आटोपल्यावर नेऊन दिला होता. म्हणून तिच्या लग्नात नवरदेवाचा कोट शिवायचं यानं अंगावर घेतलं, तेव्हा तिनं फोनवर रोखठोक सांगितलं, "बाबा, कोट वेळेत आला नाही, तर तुम्हीही येऊ नका."

लग्न दुसऱ्या शहरात. निघायच्या सकाळी पाहतो, तर कोटाला बाह्याच नाहीत!

"घाबरता काय, भावोजी? हजार किलोमीटरचं अंतर. तिकिटावर दोन तास लिहिलेत. दोन तासांत दोन बाह्या!"

"अरे शहाण्या, विमान जमिनीवर रांगतं तेही त्यातच धरलेलं असतं!"

"रांगू दे की. रांगताना शिवीन."

कसला शिवतोय! तपासणीत कात्री गेली, नशिबानं सुई राहिली. विमान रांगायला लागलं तशी हवाई सुंदरीनं कोट वरच्या कप्प्यात कोंबला आणि याला पट्ट्यानं आवळलं. विमान तरंगेपर्यंत हा नुसता हात चोळत होता.

पट्टा सुटला तसा म्हणाला, "कोट अंगात घाला. बाही अंगावरच बसवतो." मी घातला, करतो काय? कात्री नसल्यामुळे दोरा दातांनी तोडायचा. दर टाक्याला माझ्या खांद्याचा चावा. पलीकडच्या प्रवाशानं घाबरून जागा बदलून घेतली.

एक बाही झाली आणि वैमानिकाचा आवाज आला, "मागून छान वारा आहे. आपण वेळेआधी पोहोचू." लोकांनी टाळ्या पिटल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय? माझी मुलगी मांडवाबाहेर काढेल मला!" मेहुणा ओरडला. मग हवाई सुंदरीला म्हणाला, "ताई, जरा हळू चालवायला सांगा ना."

"हळू चालवलं तर विमान खाली येईल, काका."

"मग खाली न येता हळू चालवा!"

वाराही असा पेटलेला, की विमानाची सावली खाली डोंगरात मागे पडून धापा टाकत बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली. चाकं जमिनीला टेकली आणि त्याच दणक्यात याचा शेवटचा टाका पडला.

कार्यालयात पोहोचलो तेव्हा नवरदेव नुसत्या बनियनवर ताटकळत होता. मी कोट काढायला गेलो, तर आतला माझा चौकड्यांचा शर्टही सोबत निघाला! गाढवानं दोन्ही एकत्र शिवले होते. उसवायला वेळ कुणाला? नवरदेवानं निमूट शर्टासकट कोट चढवला.

मुलीनं खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. एक सुरकुती नाही.

"आलात की वेळेत," ती म्हणाली, आणि बापाचा हात धरून त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. याचे डोळे भरून आले.

माझे पण आले, थंडीनं. दाराच्या पडद्यात अंग गुंडाळून मी दबक्या आवाजात विचारलं, "अरे, माझा शर्ट?"

डोळे पुसत तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी या, भावोजी. नुसतं काजबटण राहिलंय."