ताई मेकाँगकाठी, आसावरी मेडनहेडला

पासपोर्ट दाबून बसणाऱ्या व्हिसा ऑफिसातल्या साहेबांनो, आसावरीची सुट्टी तुम्ही खाल्लीत. तीन आठवडे म्हणालात आणि उन्हाळा सरला तरी पाकीट उघडलं नाहीत.

थोडा दोष तिच्या नवऱ्याचाही. अनुप पुण्याचा. फिरायला निघताना गॅस बंद आहे का, हे दोनदा बघणारा. इंग्लंडचा व्हिसा संपायला चिक्कार अवकाश होता, तरी "एक्स्टेन्शन उरकून टाकू, मग निवांत फिरू," म्हणत त्याने दोघांचे पासपोर्ट आपणहून पोस्टात टाकले. झालं, बसले निवांत!

तिकडे लाओसमध्ये, मेकाँगकाठच्या लुआंग प्रबांगला, तिची सुप्रभाताई नागपूरहून ठरल्याप्रमाणे पोचलीसुद्धा. लग्नांनंतर दोघी बहिणींची ही पहिलीच एकत्र सुट्टी, आणि ताईचा पहिलाच परदेश. एकटी घाबरेल म्हणून आसावरीचा जीव टांगणीला.

ताईचा फोन आला. "अगं, इथे काही म्हणजे काही करायचं नाही! सकाळी भिक्षू ओळीने जातात, त्यांना भात वाढायचा. मग नदीकडे तोंड करून बसायचं. गेस्टहाउसच्या बाईला झुणका शिकवला. बेसन आणलंच होतं मी."

"घाबरत नाहीस ना?"

"कोणाला? तुझी खुर्ची धरून ठेवलीय, एक जर्मन रोज बसायला बघतो. पण पुढच्या रविवारी माझं विमान आहे हं. ये ना गं."

समजूत काढायला अनुपने तिला मेडनहेडच्या घराजवळच थेम्सकाठी नेलं. थर्मास, चकल्या, सगळा थाट.

"नदी ती नदी," तो म्हणाला.

"मग ताईला इथे बोलाव."

"तिलाही व्हिसा लागेल गं."

आसावरी खदखदून हसली, आणि हसता हसताच तिचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून ती ट्रेनने थेट तुमच्या खिडकीवर आली. मागोमाग अनुप.

काचेमागची बाई म्हणाली, "तुमची केस रांगेत आहे."

"मग काढा रांगेतून. अर्ज मागे घेते मी."

"आसावरी, वेडी आहेस का?" अनुप पांढराफटक पडला.

"जुना व्हिसा अजून जिवंत आहे, त्यावर परत येईन. तू भर पुन्हा अर्ज, तुला आवडतं ते." ती काचेकडे वळली. "बाई, माझी बहीण तिथे वाट बघतेय. पासपोर्ट आज देताय की नाही? हो की नाही, तेवढं बोला."