पूजेतला ग्राइंडर

देवानं माझ्या नवऱ्याला बोटं कशाला दिली असतील, हा प्रश्न शेती होती तोवर मला कधी पडला नाही. कापूस वेचायचा, कासरा धरायचा, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा. बोटं कामात होती. प्रश्न पडला तो रामधननं लोखंड कापायचा ग्राइंडर हातात घेतल्यावर.

ती कापसाची वाईट वर्षं होती. घाटंजीकडच्या आमच्या बंजारा तांड्यात तेव्हा कापसापेक्षा पाहुण्यांचं पीक जोरात यायचं. साहेब, पत्रकार, समित्या. जो येईल तो बांधावर उभा राहून मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा. त्यातच कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की तरुणांना शेतीशिवाय दुसरा धंदा शिकवावा. रामधन काही तरुण नव्हता, पण हौस दांडगी. गेला फॅब्रिकेशनच्या शिबिराला. फोटोत बायाही दिसायला हव्या होत्या म्हणून मलाही नेऊन बसवलं. नागपूरहून केतकी मॅडम शिकवायला यायच्या. शेवटच्या दिवशी सुरक्षेचा तास होता आणि जेवणात बुंदी होती. पुरुषांना आजही फक्त बुंदी आठवते. मला तास आठवतो. यात माझी हुशारी नाही, मला बुंदी आवडत नाही एवढंच.

मग रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड उभं राहिलं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, कूलरचे स्टँड अशी कामं सुरू झाली. काम रामधन चांगलं करायचा, हे कबूल करायलाच पाहिजे. पण कामाची रीत म्हणाल तर यमाला घरी जेवायला बोलावल्यासारखी. ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, त्यानं पहिल्याच आठवड्यात काढून फेकला, कारण गार्ड असला की मोठी चकती बसत नाही. डोळ्यांना लावायचा चष्मा तो घाटंजीच्या बाजाराला जाताना घालायचा, मोटरसायकलवर रुबाब दिसतो म्हणून. ड्रिलला बिट बसवून झालं की आवळायची चावी तिथंच विसरायचा. बटन दाबलं की चावी उडायची. एकदा ती माझ्या चुलीवरच्या दुधाच्या गंजात येऊन पडली. पत्र्यात स्क्रू मारताना पत्र्याला मागून आधार कशाचा, तर स्वतःच्या तळहाताचा. स्क्रू पत्र्यातून निघून तळहातात शिरला तेव्हा मी हळद भरत होते आणि हा मला सांगत होता, पत्रा पातळ निघाला.

सगळ्यात कहर लाइनचा, म्हणजे विजेचा. ग्राइंडरच्या वायरीची पिन केव्हाच फुटली होती. नवी पिन आणायचं सोडून रामधननं वायरीची दोन्ही टोकं सोलली, बोर्डाच्या भोकात घातली आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट बसवली. बोर्डाचं बटनही तुटलेलं, कायम चालूच. राहता राहिलं मशीनचं स्वतःचं बटन. ते पुढं सरकवलं की अडकून बसतं, मागं घेईपर्यंत मशीन चालूच. आणि लोडशेडिंग तर असं, की लाइन कधी जाईल आणि कधी येईल हे लाइनमनच्या बायकोलाही ठाऊक नसायचं. काम अर्ध्यावर असताना लाइन जायची. रामधन मशीन जसंच्या तसं जमिनीवर ठेवायचा आणि खर्रा खायला निघायचा. मी मागून जाऊन बटन मागं घ्यायची.

"अवो, लाइन गेली का आधी बटन मांगं घेत जा ना," मी रोज म्हणायची. "लाइन आली त मशीन आपोआप चालू होईन. तवा कोनाचा हात असन त्याच्यावर?"

"तुले लय समजते. माह्या हाताले वळखते थे मशीन."

"तुमच्या हाताले काय, तुमच्या बापाले नाही वळखत थे!"

मला भीती वाटायची. मशीनचा आवाज थांबला की हातातलं काम टाकून मी शेडकडे पाहायची. लाइन गेली म्हणून थांबला की दुसऱ्या कशानं थांबला. नवऱ्यावर जीव आहे असं बाईनं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी शिव्या द्यायची. मला तो माणूस धड पाहिजे होता. डोळे, बोटं, सगळं जिथल्या तिथं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, लावला तर ते वर्षभर चावतं, असं तांड्यात पक्कं मानतात. म्हणून पूजेआधी काम उरकायची रामधनची घाई चालली होती. गेट होतं घाटंजीच्या नरहररावांचं. हे नरहरराव कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. नोकरी संपली तरी दुसऱ्याच्या डोक्यावर बसून काम करून घ्यायची सवय सुटली नव्हती. दसऱ्याला गेट दारात पाहिजे म्हणून सकाळपासून शेडमध्ये खुर्ची टाकून बसले होते.

शेवटची पट्टी कापता कापता लाइन गेली. तेवढ्यात पूनमसिंगकाका आले. ते तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, आणि माझे चुलत सासरे. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढल्याशिवाय मी कधी उभी राहिले नव्हते, मग तोंड उघडण्याची गोष्टच नको. नायकच आले म्हटल्यावर रामधननं ग्राइंडर उचलला आणि वायरीसकट पूजेच्या पाटावर ठेवला.

"वायर त काढा," मी पदराआडून रामधनच्या कानाशी कुजबुजले.

"काड्या निघाल्या त पुन्हा कोन ठोकन?"

"मंग बटन..."

"चूप बस. काका आले."

मी चूप बसले आणि ताट आणायला घरात गेले. परत येईपर्यंत ड्रिल, हातोडा, पक्कड, पाने सगळं पाटावर मांडून झालं होतं. ग्राइंडर मधोमध. त्याला हळदीकुंकवाची बोटं लावली होती, वर झेंडूचा एवढा मोठा हार, की बटन कुठं आणि चकती कुठं काही दिसत नव्हतं. पुढं नारळ आणि लिंबू. आरती सुरू झाली. नरहररावांचा आवाज सगळ्यांत वर.

आरती रंगात आली आणि लाइन आली.

ग्राइंडरनं किंचाळून जी उसळी मारली, ती थेट पाटावरून खाली. हार चकतीत सापडला आणि झेंडूचा भुगा साऱ्यांच्या तोंडावर उडाला. हळद उडाली, कुंकू उडालं, लिंबाचं सरबत झालं. ताट भिंतीवर आदळलं. मशीन जमिनीला चावत, ठिणग्या टाकत, गोल गोल फिरायला लागलं. नरहरराव खुर्चीवर चढले, पण हात जोडायला विसरले नाहीत.

"संचार!" ते ओरडले. "साक्षात जगदंबेचा संचार! कोणी स्पर्श करू नका!"

कचेरीतला माणूस म्हणतो म्हटल्यावर कोण काय बोलणार? पूनमसिंगकाका दोन्ही हात जोडून पुढं सरकले. "बोल याडी! काय चुकलं आमचं? काय पाहिजे तुले?"

याडी, म्हणजे आई, घुर्र करत ड्रिलला धडकली.

"बोकड पाहिजे का?"

ग्राइंडरनं नारळाला गाठलं. करवंटीचे तुकडे टिनावर ताडताड वाजले.

"बोकड!" काका म्हणाले. "बोकड मांगते याडी!"

मी हे सगळं हसत सांगते आहे, पण तेव्हा माझं लक्ष एकाच माणसाकडे होतं. रामधन लोटांगण घालत होता. जमिनीवर पालथा, हात पुढं जोडलेले, डोळे मिटलेले. बिनगार्डची ती चकती फिरत फिरत त्याच्या जोडलेल्या हातांच्या दिशेनं येत होती. "हात मांगं घ्या," म्हणून मी ओरडले असेन, पण त्या घुरघुराटात कोणाला ऐकू जाणार? मशीनला हात लावायची सोय नव्हती. मी बोर्डाकडे धावले, वायर वरच्या रबरावर धरली आणि हिसका मारला. काड्या तुटल्या, टोकं निघाली. चकती घरघरत राहिली, हळू हळू थांबली. रामधनच्या बोटांपासून वीतभर लांब. त्याच्या बाहीवर झेंडूची एक पाकळी चिकटली होती आणि तो अजून डोळे मिटूनच होता.

शाबासकी मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पण पुढं जेवढं झालं, तेवढंही वाटलं नव्हतं.

"सुनेनं याडीची वाट अडवली," पूनमसिंगकाका म्हणाले. "पूजा झाल्यावर हात घातला. बोलून राह्यली व्हती याडी, अर्ध्यातच बंद केली."

नरहररावांनी खुर्चीवरून उतरता उतरता दुजोरा दिला. "माझ्या मते या यंत्राची स्थापना करावी. असे प्रसंग घडत नाहीत हो. मी स्वतः पाहिलं. मी लेखी द्यायला तयार आहे."

ठरलंही लगेच. आमची समिती साहेबांच्या समितीसारखी नाही, चहा येण्याआधी निर्णय घेते. बाहेरच्या कडुलिंबाखाली ग्राइंडरचं ठाणं मांडायचं. सेवेला भगत म्हणून रामधन. "आन आजपासून," काकांनी बजावलं, "मशीनच्या बटनाले कोनी हात लावाचा नाही. चालू व्हाचं का बंद व्हाचं, याडीची मर्जी."

मी रामधनकडे पाहिलं. तो उठून बसला होता. त्याची नजर ग्राइंडरवर गेली, चिंध्या झालेल्या हाराखाली बटन दिसत होतं, पुढं सरकलेलं. त्यानं ते पाहिलं. त्याला आठवलं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. इतकी वर्षं संसार केल्यावर तेवढं कळतं. मग बाहेर जमलेल्या लोकांकडे त्यानं पाहिलं. लोक त्याच्या पाया पडायला लागले होते. त्यानं कपाळावरचं कुंकू नीट केलं आणि आठवलेलं गिळून टाकलं.

माझं डोकं फिरलं. एक दिवस हा माणूस भगत म्हणून मिरवेल, दुसऱ्या दिवशी पोटासाठी तेच मशीन उचलेल, आणि आता बटन मागं घेणं म्हणजे पाप. मी कितीही घसा फोडला तरी माझं ऐकायची सोयच उरली नाही. कधीतरी लाइन जाईल, कधीतरी लाइन येईल आणि मधे त्याचा हात असेल.

मी पदर मागं सारला. वायर उचलली आणि बोर्डापाशी जाऊन उभी राहिले.

"हात ठेव," मी म्हटलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सासऱ्यांदेखत तोंड उघडलं हे एक, आणि नवऱ्याला 'तू' म्हटलं हे दुसरं.

"काय म्हनून राह्यली तू?" रामधन म्हणाला.

"मशीनवर हात ठेव. चकतीवर. बटनाले हात लावू नोको, जसं आहे तसंच राहू दे. मी वायर लावून राह्यली आता. देवी असन त आपल्या भगताले काही करनार नाही. मर्जी होईन तवाच चालू होईन. आन बटन चालू असन... तूच सांग काय होईन थे. काहून पाहून राह्यला? ठेव ना हात!"

"लालीबाई, अहो श्रद्धेची अशी परीक्षा..." नरहरराव म्हणाले.

"तुमी ठेवता का, साहेब?"

नरहररावांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"ठेव बेटा," पूनमसिंगकाका म्हणाले. खरंच म्हणाले. त्यांची श्रद्धा खरी होती, तेवढं मी मानते. "याडी आहे. काही नाही करत."

रामधननं हात पुढं केला. चकतीच्या वर नेला. मी वायरीची टोकं भोकापाशी नेली. लावणार नव्हते, देवाशपथ, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याचा हात तसाच हवेत. अर्धा तांडा दारात उभा होता. मघाशी पाया पडणारे आता मान वर करून पाहत होते. मला वाटलं, ठेवतो हा. लाजेपोटी ठेवतो. माणसं लाजेपोटी याहून वाईट करतात, त्या वर्षांत आम्ही ते पाहिलं होतं.

त्यानं हात मागं घेतला.

"देवी नोती, काका," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की दारातल्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "लाइन गेली तवा मीच बटन बंद नाही केलं. माह्याच्यानं चालू राह्यलं. ही रोज सांगते. देवी-बिवी काही नोती."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पूनमसिंगकाका चपला शोधू लागले. नरहरराव गेटची उरलेली पट्टी चाचपून पाहू लागले. रामधननं अंगठ्यानं बटन मागं घेतलं. खट्ट झालं.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"लाली," तो एकदम हळू म्हणाला, "हालू नोको. आधी थो हात मांगं घे."

मी खाली पाहिलं. रागाच्या भरात मी वायर रबरावरून सोडून सोललेल्या तांब्यावर धरली होती, दोन बोटांत दोन टोकं, आणि बोर्डाची भोकं नखभर लांब. लाइन चालू होती.

मी हात मागं घेतला, वायर खाली टाकली आणि तिथंच मटकन बसून सगळ्या तांड्यादेखत रडले. रामधन येऊन शेजारी बसला. माझी बोटं एकेक करून पाहू लागला.